सांतियागोतील चार संघ

इ. स. १९८७ च्या ऑक्टोबर महिन्यात दक्षिण अमेरिकेतील चिली या देशात वीस वर्षांखालील फुटबॉलपटूंची जागतिक स्पर्धा भरली होती. सोळा राष्ट्रांचे संघ तीत उतरले होते. उपांत्य फेरीपर्यंत त्यांतील चार टिकले : युगोस्लाव्हिया, पूर्व जर्मनी, पश्चिम जर्मनी आणि यजमान चिली. त्यानंतर पाच वर्षे पुरी होतात न होतात तोच या चार राज्यांपैकी एकही आपल्या जुन्या रूपात उरले नाही. एकाचे तुकडे झाले. एक नकाशावरून पुसले जाऊन शेजाऱ्यात विलीन झाले. तो शेजारी त्यामुळे विस्तारला. आणि चौथ्याने साडेसोळा वर्षांची लष्करी राजवट मतपेटीच्या मार्गाने दूर केली. मैदानावर धावणाऱ्या त्या पोरसवदा खेळाडूंना याची कल्पना असण्याचे कारण नव्हते. ती त्या वेळच्या भल्याभल्या मुत्सद्द्यांनाही नव्हती.

तरुणांच्या राष्ट्रीय संघांचे सामने भरविण्याची प्रथा दुसऱ्या महायुद्धानंतरची आहे. फुटबॉलच्या जागतिक संघटनेने, म्हणजे फिफाने, १९४८ साली लंडनमध्ये अशी पहिली स्पर्धा घेतली आणि इंग्लंडने अंतिम सामन्यात हॉलंडचा पराभव केला. पुढे १९५५ पासून हे काम युरोपच्या संघटनेकडे गेले. आशियात मलायाचे पंतप्रधान टुंकू अब्दुल रहमान यांच्या पुढाकाराने १९५९ साली क्वालालंपूर येथे युवकांची स्पर्धा सुरू झाली. याच स्पर्धेत १९७४ साली बँकॉकमध्ये भारत आणि इराण संयुक्त विजेते ठरले होते, आणि त्या भारतीय संघाचा कर्णधार हैदराबादचा शब्बीर अली होता, हे हैदराबादकरांना तरी सांगावयास नको. साऱ्या जगाची अशी स्पर्धा मात्र १९७७ मध्ये ट्युनिशियात प्रथम झाली. तेथे सोव्हिएत रशियाने मेक्सिकोला पेनल्टींवर हरविले. दोन वर्षांनी जपानमध्ये मॅराडोना नावाच्या अठरा वर्षांच्या अर्जेंटिनी मुलाने जगाचे डोळे दिपविले, आणि या स्पर्धेचे नाव झाले.

अशा स्पर्धा भरविणाऱ्यांचा हिशेब साधा असतो. आज जो एकोणीस वर्षांचा आहे तो सहा-सात वर्षांनी ऐन भरात येईल; तेव्हा आजचा युवक संघ पाहावा आणि उद्याच्या राष्ट्रीय संघाचा अंदाज बांधावा. २०१७ साली मडगावच्या फातोर्डा क्रीडांगणावर सतरा वर्षांखालील जागतिक स्पर्धेचे सामने झाले, तेव्हा गोव्यातील जाणत्या प्रेक्षकांनीही हाच हिशेब मनाशी मांडला असेल. या हिशेबात राष्ट्र ही स्थिर संज्ञा धरलेली असते. बदलते ते केवळ मुलाचे वय. चिलीच्या स्पर्धेत नेमकी हीच बाजू उलटी पडली. मुले अपेक्षेप्रमाणे मोठी झाली, किंबहुना अपेक्षेहून अधिक मोठी झाली. राष्ट्रेच जागेवर राहिली नाहीत.

प्रथम यजमानांविषयी. सांतियागोचे राष्ट्रीय क्रीडांगण, जेथे या स्पर्धेचा अंतिम सामना झाला, त्याच्यामागे एक काळा इतिहास होता. ११ सप्टेंबर १९७३ रोजी जनरल पिनोचेट यांच्या सेनेने अध्यक्ष साल्व्हादोर आयेंदे यांचे निर्वाचित सरकार उलथून टाकले आणि त्यानंतर दोन महिने या क्रीडांगणाचा तुरुंग केला. हजारो लोक तेथे डांबले गेले. कित्येकांचा छळ झाला, कित्येक मारले गेले. त्याच नोव्हेंबरात विश्वचषकाच्या पात्रता सामन्यासाठी रशियन संघ येथे यावयाचा होता. त्याने अशा जागी खेळण्यास नकार दिला. तेव्हा ठरल्या दिवशी चिलीचे खेळाडू एकटेच मैदानात उतरले, कोणीही प्रतिस्पर्धी समोर नसताना चेंडू पुढे नेत गेले, आणि त्यांनी तो रिकाम्या गोलात ढकलला. फुटबॉलच्या इतिहासात याहून केविलवाणा गोल शोधून सापडणार नाही. १९८७ मध्ये पिनोचेट सत्तेवर होतेच. तथापि पुढच्याच वर्षी, ५ ऑक्टोबर १९८८ रोजी, जनतेने कौल देऊन त्यांना ‘नाही’ म्हटले, आणि मार्च १९९० मध्ये त्यांना अध्यक्षपद सोडावे लागले.

चिलीत आणखी एक गोष्ट होती, जी पाहुण्यांपैकी एका संघाला जवळची वाटावी. एड्रियाटिक समुद्राकाठच्या दाल्मेशिया प्रांतातून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पुष्कळ कुटुंबे उपजीविकेसाठी चिलीला गेली आणि उत्तरेच्या आंतोफागास्तापासून दक्षिण टोकाच्या पुंता आरेनासपर्यंत वसली. चिलीच्या युवक संघाचा आघाडीचा खेळाडू लुकास तुडोर हा याच क्रोएशियन वंशातला. पहिल्याच दिवशी यजमान चिलीची गाठ पडली ती युगोस्लाव्हियाशी, आणि पाहुण्यांनी सामना ४-२ असा जिंकला.

युगोस्लाव्हिया हे नाव मराठी वाचकांच्या जुन्या पिढीला चांगले परिचयाचे आहे. पंडित नेहरू, इजिप्तचे नासर आणि मार्शल टिटो या तिघांचे एकत्र छायाचित्र ज्या पिढीने वृत्तपत्रांत वारंवार पाहिले, तिला अलिप्त राष्ट्रांची पहिली परिषद १९६१ साली बेलग्रेडला भरल्याचेही स्मरत असेल. या नावातील ‘युग’ शब्दाचा आपल्या युगाशी संबंध नाही. त्या भाषेत ‘यूग’ म्हणजे दक्षिण. युगोस्लाव्हिया म्हणजे दक्षिणी स्लाव लोकांची भूमी. पहिल्या महायुद्धानंतर १९१८ मध्ये हे राज्य निर्माण झाले. दुसऱ्या महायुद्धात ते मोडले आणि टिटोंनी ते सहा प्रजासत्ताकांचे संघराज्य म्हणून पुन्हा उभे केले : स्लोव्हेनिया, क्रोएशिया, बोस्निया-हर्झेगोव्हिना, सर्बिया, माँटेनेग्रो आणि मॅसेडोनिया. सर्ब आणि क्रोएट यांची बोली जवळजवळ एकच. परंतु सर्ब ती बहुधा सिरिलिक लिपीत लिहीत आणि क्रोएट रोमन लिपीत. मराठी माणसाला एका भाषेच्या दोन लिप्या यात नवल वाटणार नाही. मोडी आणि बाळबोध शतकानुशतके शेजारी नांदल्या. पण मोडी-बाळबोधातील भेद दप्तर आणि पोथी यांच्यातला होता. तेथे लिपीच्या मागे पंथ उभा होता, क्रोएटांचा रोमन कॅथलिक आणि सर्बांचा ऑर्थोडॉक्स. आणि पंथाच्या मागे दुसऱ्या महायुद्धातील कत्तलींची आठवण उभी होती.

४ मे १९८० रोजी टिटो वारले. त्या सायंकाळी स्प्लिट शहरात तेथील हायदुक संघ आणि बेलग्रेडचा रेड स्टार यांचा सामना चालू होता. पूर्वार्ध संपावयाच्या आधीच सामना थांबवून ती वार्ता जाहीर करण्यात आली. मैदानावर खेळाडू रडले, प्रेक्षागारात क्रोएट आणि सर्ब दोघेही रडले. पुढील दहा वर्षांत काय घडले हे माहीत असणाऱ्याला त्या अश्रूंविषयी शंका घेण्याचा मोह होतो. तसे करणे अन्यायाचे होईल. माणसे एका वर्षी मनापासून रडतात आणि दहा वर्षांनी तितक्याच मनापासून एकमेकांवर तुटून पडतात, असे इतिहासात पुष्कळदा घडले आहे.

१९८७ पर्यंत त्या देशाची आर्थिक घडी विस्कटली होती. महागाई वर्षाला शंभर टक्क्यांहून अधिक वेगाने वाढत होती. एप्रिलमध्ये स्लोबोदान मिलोशेविच नावाचा साम्यवादी पुढारी कोसोव्होत गेला आणि तेथील सर्बांच्या गाऱ्हाण्यांना उघड पाठिंबा देऊन एका दिवसात लोकनायक झाला. सप्टेंबरच्या अखेरीस सर्बियाच्या पक्षबैठकीत त्याने आपल्याच आश्रयदात्याच्या गटाचा पाडाव केला. त्यानंतर तीन आठवडे उलटण्याच्या आत युगोस्लाव्हियाचा युवक संघ चिलीच्या मैदानात उतरला.

या संघाकडून घरी कोणी फारशी अपेक्षा धरली नव्हती. प्रशिक्षक मिर्को योझिच हे दाल्मेशियातील त्रिल्य गावचे. त्यांनी गोळा केलेल्या मुलांची गावे पाहिली तरी देशाच्या एका मोठ्या भागाचा फेरफटका घडतो. झ्वोनिमिर बोबान हा इमोत्स्कीचा, झाग्रेबच्या दिनामो संघाकडून खेळणारा. स्पर्धेच्या दोनच दिवस आधी त्याने एकोणीस वर्षे पुरी केली होती. दावोर शुकर पूर्वेकडील ओसियेकचा. इगोर श्तिमाच आणि रॉबर्ट यार्नी हे दोघे हायदुक स्प्लिटचे. प्रेद्राग मियातोविच आणि ब्रांको ब्र्नोविच हे माँटेनेग्रोच्या राजधानीतले. तिचे नाव तेव्हा टिटोंच्या सन्मानार्थ तितोग्राद असे होते, ते पुढे पुन्हा पोदगोरित्सा झाले. गोर्दान पेत्रिच बेलग्रेडचा. राखीव गोलरक्षक तोमिस्लाव पिप्लित्सा बोस्नियातील बुगोइनोचा.

आणि या सर्वांत लक्षवेधी रॉबर्ट प्रोसिनेच्की. याचा जन्म पश्चिम जर्मनीत, तेथे पोटासाठी गेलेल्या कामगार कुटुंबात झाला. बाप क्रोएट, आई सर्ब. मुलगा झाग्रेबच्या दिनामोत वाढला, पण तेथील प्रशिक्षक मिरोस्लाव ब्लाझेविच यांना त्याच्या गुणांचा भरवसा वाटेना. हा मुलगा खरा खेळाडू झाला तर आपण आपले प्रशिक्षकाचे प्रमाणपत्र खाऊन टाकू, असे ते म्हणाले, ही गोष्ट त्या देशात सर्वतोमुखी आहे. मुलगा बेलग्रेडला रेड स्टारकडे निघून गेला. झाग्रेबने टाकलेला क्रोएट मुलगा बेलग्रेडने उचलला, यात १९८७ साली कोणाला राजकारण दिसले नाही. खेळाडू एका क्लबातून दुसऱ्यात जातात, तसा तो गेला.

चिलीनंतर या संघाने ऑस्ट्रेलियाला ४-० आणि टोगोला ४-१ असे हरविले. उपांत्यपूर्व फेरीत समोर ब्राझील आले. आधीच्या दोन्ही स्पर्धा, १९८३ ची आणि १९८५ ची, ब्राझीलनेच जिंकलेल्या होत्या. पहिला गोलही त्यांचाच झाला. मियातोविचने बरोबरी साधली, आणि सामना संपावयास मिनिटभर उरले असता प्रोसिनेच्कीने फ्री किकवर चेंडू गोलात घातला. आतापावेतो घरी ज्यांनी लक्ष दिले नव्हते ते जागे झाले. रेड स्टारलाही जाग आली, पण निराळ्या कारणाने : युरोपातील क्लब ब्रुगविरुद्धच्या सामन्यासाठी त्यांना प्रोसिनेच्की परत हवा होता. सहकारी खेळाडूंनी विरोध केला. फिफाचे अध्यक्ष जोआओ हॅवलान्ज यांनीही हस्तक्षेप केला आणि मुलगा चिलीतच राहिला.

उपांत्य सामना पूर्व जर्मनीशी झाला. त्यातील गोल करणाऱ्यांची नावे ध्यानात ठेवण्याजोगी आहेत, कारण ती पुन्हा भेटणार आहेत. पहिला गोल श्तिमाचने केला. उत्तरार्धाच्या आरंभी ड्रेस्डेनच्या माथियास झामरने बरोबरी केली. मग शुकरने दुसरा गोल केला आणि युगोस्लाव्हिया २-१ असे जिंकले. श्तिमाच आणि झामर यांच्या वयात अवघ्या एका दिवसाचे अंतर. एक ५ सप्टेंबर १९६७ चा, दुसरा ६ सप्टेंबरचा. दुसऱ्या उपांत्य सामन्यात पश्चिम जर्मनीने चिलीचा ४-० असा धुव्वा उडविला. एका स्पर्धेच्या अखेरच्या चार संघांत दोन जर्मनी असणे हे आजच्या तरुण वाचकाला गमतीचे वाटेल. त्या काळी ते इतके नित्याचे होते की कोणी त्यावर भाष्य करीत नसे.

अंतिम सामना २५ ऑक्टोबरला झाला. पंचांच्या कारवाईमुळे प्रोसिनेच्की आणि मियातोविच दोघांनाही बाहेर बसावे लागले. सामना बराच वेळ गोलावाचून चालला. शेवटची पाच मिनिटे उरली असता बोबानने गोल केला; दोनच मिनिटांत पश्चिम जर्मनीच्या मार्सेल व्हिटेचेकने पेनल्टीवर तो फेडला. जादा वेळातही निकाल लागला नाही. मग पेनल्टींची पाळी आली, तेव्हा तोच व्हिटेचेक, जो त्या स्पर्धेत सर्वाधिक, म्हणजे सात गोल करणारा ठरला होता, पहिलीच संधी चुकला. बाकी कोणी चुकले नाही. शेवटचा फटका बोबानचा होता. युगोस्लाव्हिया ५-४ अशा फरकाने अजिंक्य ठरले. स्पर्धेतील सर्वोत्तम खेळाडूचा मान प्रोसिनेच्कीला मिळाला. दुसऱ्या दिवशी यार्नीला एकोणीस वर्षे पुरी झाली.

जाणकारांनी मग तोच साधा हिशेब मांडला : १९९२ च्या युरोपीय अजिंक्यपदापर्यंत ही मुले चोविशीत येतील, १९९४ च्या विश्वचषकात त्यांना कोण अडवणार?

१३ मे १९९० रोजी झाग्रेबच्या माक्सिमिर क्रीडांगणावर दिनामो आणि रेड स्टार यांचा सामना ठरला होता. क्रोएशियात नुकत्याच निवडणुका होऊन राष्ट्रवादी पक्ष विजयी झाला होता. सामना सुरू होण्यापूर्वीच प्रेक्षागारात दंगल उसळली. पोलीस दिनामोच्या एका समर्थकाला मारीत असलेले पाहून बोबान धावला आणि त्याने त्या पोलिसाला लाथ मारली. ते दृश्य दूरचित्रवाणीवर देशभर दिसले. क्रोएशियात बोबान वीर ठरला. फुटबॉल मंडळाने त्याच्यावर बंदी घातली आणि त्या वर्षीचा इटलीतील विश्वचषक त्याला मुकला. ज्या पोलिसाला सर्ब सत्तेचे प्रतीक मानून ती लाथ बसली, तो पोलीस बोस्नियातला मुसलमान होता.

हे युद्ध त्या दिवशी फुटबॉलच्या मैदानावर सुरू झाले, असे पुढे मोठ्या अभिमानाने सांगण्यात येऊ लागले. ते खरे मानण्याचे कारण नाही. युद्धे क्रीडांगणावर सुरू होत नाहीत. शस्त्रे, सैन्याच्या निष्ठा आणि सत्तेची खुर्ची यांचे निर्णय दुसरीकडे होतात. पण मैदानावर जे दिसले ते खोटे नव्हते. तीन आठवड्यांनी त्याच क्रीडांगणावर युगोस्लाव्हिया आणि हॉलंड यांचा मैत्रीचा सामना झाला, तेव्हा झाग्रेबच्या प्रेक्षकांनी आपल्याच देशाच्या राष्ट्रगीताची हुर्यो उडविली. आणि ८ मे १९९१ रोजी बेलग्रेडमध्ये युगोस्लाव्ह चषकाच्या अंतिम सामन्यात हायदुकने रेड स्टारला १-० असे हरविले तेव्हा हायदुकचा श्तिमाच आणि रेड स्टारचा सिनिशा मिहायलोविच या दोघांना भांडणाबद्दल मैदानाबाहेर काढावे लागले. मिहायलोविचचे घर ज्या बोरोवो गावात होते, तेथे सहाच दिवसांपूर्वी बारा क्रोएशियन पोलीस मारले गेले होते.

त्याच मे महिन्याच्या अखेरीस रेड स्टार युरोपचा अजिंक्य क्लब झाला. निर्णायक पेनल्टींतली पहिली प्रोसिनेच्कीने मारली. जूनमध्ये क्रोएशिया आणि स्लोव्हेनिया यांनी स्वातंत्र्य घोषित केले. नोव्हेंबरात वुकोव्हार शहर वेढ्यानंतर पडले. शुकरचे ओसियेक तोफांच्या माऱ्याखाली होते. ८ डिसेंबर १९९१ रोजी टोकियोत युरोप आणि दक्षिण अमेरिका यांच्या विजेत्या क्लबांचा सामना झाला. युरोपकडून रेड स्टार. दक्षिण अमेरिकेकडून सांतियागोचा कोलो-कोलो. आणि कोलो-कोलोचे प्रशिक्षक होते मिर्को योझिच. चार वर्षांपूर्वी ज्या शहरात त्यांनी युगोस्लाव्हियाला अजिंक्यपद मिळवून दिले होते त्याच शहराचा संघ घेऊन ते बेलग्रेडच्या संघासमोर उभे होते, आणि त्या घटकेला त्यांच्या क्रोएशियात युगोस्लाव्ह सेनेचे रणगाडे फिरत होते. रेड स्टारने सामना ३-० असा जिंकला.

१९९२ च्या युरोपीय स्पर्धेसाठी युगोस्लाव्हियाचा संघ पात्र ठरला होता. मे अखेरीस संयुक्त राष्ट्रसंघाच्या सुरक्षा समितीने निर्बंध घातले आणि संघाला परत पाठविण्यात आले. त्याच्या जागी आयत्या वेळी बोलावलेल्या डेन्मार्कने ती स्पर्धा जिंकली. यावरून, युगोस्लाव्हिया टिकले असते तर ते जगज्जेते झाले असते, असा एक हळहळीचा सूर युरोपीय लेखनात नेहमी ऐकू येतो. हा तर्क रम्य आहे, पण त्यात एक निष्ठुरपणाही आहे. जेथे लाखाहून अधिक माणसे मेली आणि लक्षावधी घरदार सोडून पळाली, तेथे एका चषकाची हानी मोजीत बसणे शोभत नाही. शिवाय हे खेळाडू स्वतः त्या हळहळीत फारसे सामील झाले नाहीत. बोबानला स्वतंत्र क्रोएशियाचे नेतृत्व करावयाचे होते, आणि त्याने ते केले.

दुसरीकडे जर्मनीत नेमके उलट घडले होते. नोव्हेंबर १९८९ मध्ये बर्लिनची भिंत पडली. १२ सप्टेंबर १९९० रोजी पूर्व जर्मनीचा संघ ब्रुसेल्समध्ये आपला अखेरचा सामना खेळला आणि बेल्जियमविरुद्ध २-० असा जिंकला. दोन्ही गोल झामरचे. तीन आठवड्यांनी ते राज्यच उरले नाही. झामर पुढे एकत्रित जर्मनीच्या संघात गेला.

मग २३ जून १९९६ चा दिवस उजाडला. इंग्लंडमधील मँचेस्टर येथे युरोपीय अजिंक्यपदाचा उपांत्यपूर्व सामना : जर्मनी विरुद्ध क्रोएशिया. जर्मनीने आघाडी घेतली. शुकरने बरोबरी केली. श्तिमाचला पंचांनी मैदानाबाहेर काढले. आणि तीनच मिनिटांनी झामरने विजयाचा गोल केला. निकाल २-१. नऊ वर्षांपूर्वी सांतियागोत जे तिघे गोल करणारे होते तेच तिघे येथे सामन्याच्या केंद्रस्थानी होते, निकालाचे आकडेही तेच होते. फक्त जिंकणारी बाजू बदलली होती, आणि दोन्ही बाजूंच्या छातीवरची चिन्हे १९८७ साली कोणत्याही मैदानावर त्यांच्या अंगावर नव्हती.

दोन वर्षांनी फ्रान्समधील विश्वचषकात क्रोएशिया तिसऱ्या क्रमांकावर आला. सांतियागोचे पाच विजेते त्या संघात होते : बोबान, शुकर, प्रोसिनेच्की, यार्नी, श्तिमाच. शुकरने सहा गोल करून सर्वांवर मात केली. प्रशिक्षक होते ब्लाझेविच, तेच प्रमाणपत्र खाऊन टाकण्याची पैज लावणारे. प्रोसिनेच्कीने या स्पर्धेत गोल केले आणि एक अपूर्व विक्रम त्याच्या नावावर लागला. १९९० मध्ये त्याने युगोस्लाव्हियासाठी गोल केला होता. दोन निरनिराळ्या राष्ट्रांसाठी विश्वचषकात गोल करणारा दुसरा कोणी झाला नाही. त्याच स्पर्धेत सर्बिया आणि माँटेनेग्रो यांचा, युगोस्लाव्हिया हे जुने नाव धारण करणारा संघ होता. त्यात मियातोविच आणि ब्र्नोविच होते. हॉलंडविरुद्ध मियातोविचची पेनल्टी आडव्या खांबावर आदळली आणि तो संघ बाद झाला.

या दोन बाजूंच्या मुलांमधील मैत्रीचे काय झाले, हा प्रश्न साहजिक आहे. त्याचे एक उत्तर माद्रिदला सापडते. २० मे १९९८ रोजी युरोपीय चषकाच्या अंतिम सामन्यात रिआल माद्रिदने जुव्हेंटसला हरविले. एकमेव गोल मियातोविचचा होता. सामना संपता संपता तो दमून बाहेर आला, आणि त्याच्या जागी शुकर आत गेला. दुसरे उत्तर १९९९ सालचे आहे. ऑगस्टमध्ये बेलग्रेडला युगोस्लाव्हिया आणि क्रोएशिया समोरासमोर आले. त्याआधी दोनच महिन्यांपूर्वी शहरावरील बाँबवर्षाव थांबला होता. मध्येच दिवे गेले, काही वेळ अंधारात गेला. सामना गोलावाचून सुटला. ऑक्टोबरमध्ये झाग्रेबला पुन्हा गाठ पडली. मियातोविचने तेथे गोल केला, यार्नीशी झालेल्या झटापटीत युगोस्लाव्हियाचा एक खेळाडू बाहेर गेला, आणि २-२ अशा बरोबरीने क्रोएशिया पुढच्या वर्षीच्या स्पर्धेतून बाद झाला. दोन्ही उत्तरे खरी आहेत. त्यांतले एकच निवडून गोष्ट सांगणारे लोक दोन्ही देशांत आहेत.

यानंतर नावेही गेली. २००३ मध्ये युगोस्लाव्हिया हे नाव अधिकृतपणे सोडण्यात आले, २००६ मध्ये माँटेनेग्रो वेगळा झाला. ब्र्नोविच २०११ पासून काही वर्षे या नव्या देशाच्या संघाचा प्रशिक्षक होता. प्रोसिनेच्कीने बेलग्रेडच्या रेड स्टारचे, मग बोस्नियाचे आणि २०२४ मध्ये माँटेनेग्रोचे प्रशिक्षकपद स्वीकारले. ज्या देशासाठी तो प्रथम खेळला त्याचे तुकडे जणू तो एकेक करून पुन्हा फिरून आला. श्तिमाच फार दूर, भारतात आला. मे २०१९ पासून जून २०२४ पर्यंत भारतीय राष्ट्रीय संघ त्याच्या हाती होता. येथील वृत्तपत्रे त्याचे नाव ‘स्टिमॅच’ असे छापीत. दक्षिण आशियाई अजिंक्यपद २०२१ आणि २०२३ मध्ये त्याच्या कारकिर्दीत भारताने जिंकले. विश्वचषकाच्या पात्रता फेरीत अपयश आल्यावर त्याला निरोप देण्यात आला, तेव्हा येथील टीकाकारांनी त्याच्या बचावपटूंच्या निवडीची पुष्कळ चर्चा केली. सांतियागोचा उल्लेख त्यात क्वचितच आला.

राहता राहिला तो चषक. फिफाच्या नोंदींत युगोस्लाव्हियाच्या राष्ट्रीय संघाचा वारसा सर्बियाकडे गेला आहे. म्हणजे इमोत्स्कीच्या बोबानने मारलेल्या अखेरच्या पेनल्टीचे यश आज बेलग्रेडच्या खाती मांडले जाते. झाग्रेबमध्ये अर्थातच निराळे मानतात. २०१५ साली न्यूझीलंडमध्ये हीच वीस वर्षांखालील स्पर्धा सर्बियाने जिंकली, अंतिम सामन्यात जादा वेळात ब्राझीलला २-१ असे हरवून. नियमाप्रमाणे त्या संघातील थोरल्यात थोरला मुलगाही १९९५ च्या आधी जन्मलेला नव्हता. आणि १९९५ हे बोस्नियातील युद्ध थांबल्याचे वर्ष.